पालकांच्या सहीचा रकाना

काल माळ्यावरून कूलर उतरवला. उतरवताना मागच्या वर्षीच्या ताट्यांतलं वाळकं गवत डोक्यावर, मानेत, नाकात, सगळीकडे गेलं आणि मी शिंकत शिंकत ओट्यावर येऊन बसले. मार्च लागला की नागपुरात घरोघर हाच उद्योग. जुनं गवत ओढून फेकायचं, टाकीचा गंज घासायचा, नवं गवत भरायचं. मग पहिल्यांदा पाणी सोडलं की तो ओला, मातकट वास खोलीभर पसरतो. लोकांना त्या वासानं गार वाटतं. माझं डोकं तापतं.

कारण हाच तो मोसम. सकाळची शाळा सुरू होण्याचा, कैऱ्या बाजारात येण्याचा, गोडाऊनमध्ये लाल मिरचीचे ढीग पडण्याचा आणि वाचन-वहीचा. तीन वर्षं झाली, पण ओल्या गवताचा वास आला की मला शाळेचा तो वर्ग दिसतो, तो टाळ्यांचा आवाज ऐकू येतो, आणि कुणाला तरी दोन शब्द सुनवावेत असं वाटतं. त्यातला एक शब्द मला स्वतःलाही सुनवायचा आहे. तो मी शेवटपर्यंत लपवणार नाही.

वाचन-वही म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या भागातल्या या शाळेचं नाव सांगून उपयोग नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी. संक्रांत झाली, स्नेहसंमेलनाचा मंडप निघाला की शाळेला एकदम आठवतं, अरे, मुलांना वाचता यायला पाहिजे! मग प्रत्येक मुलाला एक वही आणायला सांगतात. त्यात चार रकाने आखायचे. तारीख, पान क्रमांक, 'घरी वाचून घेतले' आणि शेवटी 'पालकांची सही'. रोज मुलानं घरी मोठ्यानं एक पान वाचायचं, आईबापांनी ऐकायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं आणि सही करायची. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई सही तपासतात. नीट लक्ष द्या, सही तपासतात. वाचन नाही.

आणि खरं सांगू? पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा मला ती फार आवडली होती. माझा ओम तेव्हा दुसरीत होता. मी बी.ए. झालेली, घरी शिवणकाम करणारी. दुपारभर मशीन चालवायची, संध्याकाळी मुलाचा अभ्यास घ्यायचा. मला वाटायचं, चला, शाळेनं आपल्याला कामात धरलं. शाळा कामाला लावते म्हणजे मान देते असं वाटणाऱ्या बायांपैकी मी एक होते. स्नेहसंमेलनात फुलपाखरांचे पंख हवेत? मी शिवणार. भाजीवालीचं नऊवारी हवं? मी शिवणार. पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळी सात वाजता फर्मान यायचं, 'उद्या प्रत्येकाने ऋतूंचा तक्ता आणावा', आणि आठ वाजता माझ्या घरात कात्री, डिंक, रंग, जुन्या पत्रिका असा पसारा मांडलेला. ओम बिचारा शेजारी बसून मुरमुरे खायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात गुंडाळलेला तक्ता काखेत मारून शाळेत जायचा आणि त्याला 'उत्कृष्ट' मिळायचं. शाळेच्या भिंतीवर मुलांची नावं घातलेलं आयांचं प्रदर्शन लागायचं. कुणालाही त्यात वावगं दिसायचं नाही. मला तर नाहीच नाही.

आम्ही वाडीला राहतो. अमरावती रोडवरून आत वळलं की ट्रान्सपोर्टची गोडाऊनं लागतात आणि त्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. दिवसभर ट्रक मागे-पुढे होतात, त्यांच्या धुळीनं वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. आमच्या आणि शेजारच्या खोलीत एकच चार इंची भिंत. शेजारी सुनंदा राहायची, अजूनही राहते. भिवापूरकडची. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, आज रायपूर तर परवा हैदराबाद, महिन्यातून चार दिवस घरी. तिला दोन लेकरं. मोठी पौर्णिमा, माझ्या ओमच्याच वर्गात. धाकटा सम्यक, तेव्हा चड्डी सावरत फिरणारा.

सुनंदा मिरचीच्या गोडाऊनमध्ये देठ खुडायला जायची. डिसेंबर-जानेवारीपासून मिरची यायला लागते ती मे सरेपर्यंत. बाया रांगेनं बसतात, समोर लालभडक ढीग, नाकाला पदर. संध्याकाळी साडेपाचला ती परत आली की रांगेतल्या चार घरांना ठसका लागायचा. सम्यक "आई" करत धावला की ती दोन्ही हात वर करून ओरडायची, "दूर व्हय बाप्पा! डोळ्यात जाईन!" मग हातपाय धुवायचे, हाताला गोडं तेल चोळायचं आणि तासभर ते हात कशालाच लावायचे नाहीत. आपल्याच लेकरांना तासभर हात लावायचा नाही, हा तिचा रोजचा नेम.

या बाईला वाचता येत नव्हतं. अक्षरसुद्धा नाही. पण दरवर्षी दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर जायची आणि येताना एक पुस्तक घेऊन यायची. कधी मोठ्यांचं, कधी चित्रांचं. फळीवर कॅलेंडरचा कागद लावून ओळीनं ठेवलेली असायची. मी एकदा विचारलं, "काहून वं, वाचत तर कोणी नाही घरात." ती म्हणाली, "आता नाही वाचत. मोठी झाली की वाचन ना पौर्णी." पोरीला त्याच भरवशावर तिनं या शाळेत घातलं होतं.

आणि मग ती वही आली.

पहिल्याच आठवड्यात पौर्णिमाच्या वहीवर लाल गोल. 'पालकांची सही नाही.' पोरगी अर्धा तास वर्गात उभी. त्या संध्याकाळी सुनंदा माझ्या दारात येऊन उभी राहिली, तेलकट हात अंगापासून लांब धरून.

"ताई, शाळेत अंगठा चालन का?"

मी म्हटलं, "अंगठा? वेडी झाली का वं? लोक काय म्हणतील? मी तुले सही शिकवते."

तीन संध्याकाळी लागल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सु, नं आणि दा. पेन ती उलथन्यासारखं धरायची. पहिल्या दिवशी 'सु'चं शेपूट पार कागदाबाहेर गेलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी सही जमली. वाकडी, पण जमली. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा टाकला. मला कोण अभिमान! एका बाईला मी सही करायला शिकवलं, समाजकार्यच की. ओमच्या बाबांना दोनदा सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं.

पुढे दोन महिने सगळं सुरळीत. संध्याकाळी सहा वाजता मी ओमला समोर बसवायची. त्याची नजर बाहेरच्या ट्रककडे, पाय सतत हलता. "खारूताईने टोपली उचलली," तो वाचायचा. "मोठ्यानं," मी म्हणायची. "टोपलीत होती बोरं." "ओम, पाय हलवू नको. पुढे." असं आमचं चालायचं. ते आटपलं की थोड्या वेळानं भिंतीपलीकडून पौर्णिमाचा आवाज यायचा. स्वच्छ, ठसठशीत, न अडखळता. आणि सुनंदा दारात बसून, तळवे वर करून, ऐकायची. तिच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मी पाहिलं आहे. मग ती चिंधीनं पेन धरून सही करायची. तरी वहीवर पिवळट लाल डाग पडायचेच. एकदा बाईंनी शेरा मारला, 'वही अस्वच्छ आहे. काळजी घ्यावी.' सुनंदानं तो माझ्याकडून वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सही करण्याआधी हात तीनदा धुवायला लागली.

फेब्रुवारीत एकदा ओम तापानं आठ दिवस पडून होता. आमचं वाचन बंद. त्या आठ दिवसांत पौर्णिमा रोज तेच ते एकच पान वाचत होती. मी ते ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला नाही, पडायला हवा होता.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पालकसभा. सकाळी नऊलाच ऊन असं की पायऱ्यांना हात लावता येत नव्हता. वर्गात पंखा नुसता गरगरतोय, बाकांवर आया कोंबलेल्या, कोपऱ्यात दोन-चार बाप मोबाईलमध्ये तोंड घालून. बाई एकेका मुलाला पुढे बोलवून आईसमोर वाचायला लावत होत्या. त्यांनाही जीव मेटाकुटीला आलेला होता, हे मी नाकारत नाही. साठ पोट्टे एका वर्गात, वर कुठला सर्व्हे, कुठली यादी, कुठलं ट्रेनिंग. पण साठ पोरं झेपत नाहीत हे त्यांनी कुणाला सांगायचं, वरच्यांना की मिरची खुडून आलेल्या बाईला? त्यांनी सोपा माणूस निवडला.

ओमनं वाचलं. "बघा, घरी लक्ष दिलं की असं होतं," बाई म्हणाल्या. मी मान खाली घालून हसले.

मग पौर्णिमा. दोन घट्ट वेण्या, त्याला लाल रिबिनी. पुस्तक उघडलं, ताठ उभी राहिली आणि सुरू झाली.

"खारूताईने टोपली उचलली. टोपलीत होती बोरं. बोरं होती आंबटगोड. ओम, पाय हलवू नको. पुढे. वाटेत भेटला ससा..."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा वर्ग हसला. ओमही हसला. पौर्णिमा थांबली नाही, तिला वाटलं गोष्ट आवडली. बाईंनी तिच्या हातातलं पुस्तक ओढलं. भलत्याच पानावर उघडलेलं होतं. बाईंनी दुसरं पान काढलं, एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे?" पोरगी बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. मी वाकून पाहिलं. 'घर' लिहिलं होतं. घ आणि र.

ती भिंतीपलीकडून माझं आणि ओमचं ऐकत होती. रोज एकदा ऐकून पान न पान पाठ करत होती, माझ्या ओरडण्यासकट. सुनंदाला ते गोष्टीतलंच वाटलं असणार, आणि मी स्वयंपाकाच्या नादात अर्धंच ऐकलेलं. तिला वाटलं यालाच वाचणं म्हणतात. बाकी मुलंही वर्गात तेच करत होती की! बाई एक ओळ म्हणायच्या, साठ जण ती ओळ म्हणायचे. त्या कागदावरच्या काळ्या खुणांकडे बघायचं असतं, त्या खुणाच बोलतात, हे तिला पहिली-दुसरीच्या दोन वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. काय डोकं असेल त्या पोरीचं! सांगा मला, आपल्यापैकी कुणाला जमेल?

पण तिच्या डोक्याचं कौतुक कोण करणार? बाईंनी वाचन-वही उचलली आणि सुनंदाच्या पुढे धरली. "या सगळ्या सह्या तुमच्या ना? रोज वाचून घेतलं म्हणून सही केली आहे. खोट्या सह्या केल्या तुम्ही?"

"खोट्या काहून, म्याडम?" सुनंदा उभी राहिली. "रोज वाचत होती ना ती. मी आयकत होती."

"मग चुकतंय हे कळत नव्हतं तुम्हाला?"

"मले कसं समजन?" सुनंदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, ती खरंच विचारत होती. "मले वाचता आलं असतं तं मी हिले तुमच्याकडे काहून धाडली असती?"

या प्रश्नाला उत्तर नाही हो. कुठल्याही शाळेकडे नाही. पण उत्तर नसलं की माणूस कायदा काढतो. बाई म्हणाल्या, "आईवडिलांनीच लक्ष दिलं नाही तर शाळा काय करणार? हिला इथलं झेपणार नाही. दाखला काढा आणि दुसरीकडे बघा." चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. शिकवायचं कुणी होतं आणि जाब कुणाला!

सुनंदा एवढंच बोलली, "दाखला मी नाही काढत." आणि खाली बसली.

आता माझा शब्द. मी त्या वेळी काय केलं? काही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मला सगळं ठाऊक होतं. त्या घरात कोण वाचतं, कोण नाही, सही कुणी शिकवली, सगळं. आणि दहा मिनिटांनी सभेच्या शेवटी माझं नाव पुकारलं. त्या वर्षीच्या 'आदर्श पालक' म्हणून. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. मी उठले, पुढे गेले, ते घेतलं, फोटो काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदानंही वाजवल्या.

परतताना आम्ही चौघं रस्त्याच्या कडेनं चालत होतो. डांबर चपलेला चिकटत होतं. पौर्णिमा माझा पदर ओढून म्हणाली, "काकू, बाई काहून रागावल्या? मी तं एक पण शब्द नाही सोडला."

त्या दिवसापासून हा राग आहे. मी तो बरेच दिवस उलटसुलट करून पाहिला, कुणावर आहे ते. सुनंदा माझ्या दारात येऊन अगदी नेमका प्रश्न विचारून गेली होती. अंगठा चालेल का? तो अंगठा त्या रकान्यात उमटला असता तर बाईंना, मुख्याध्यापकांना, ज्याला डोळे आहेत त्या कुणालाही दिसलं असतं की या घरात वाचून घेणारं माणूस नाही, या पोरीचं वाचन आपल्यालाच घ्यावं लागेल. मी लाजेखातर तो अंगठा पुसला. शाळेचं पितळ उघडं पडायचं ते मी झाकलं, तेही गुळाचा खडा भरवून. ही माझी समाजसेवा.

आणि शाळेचं म्हणाल तर शाळेनं मोठी सोय करून ठेवली आहे. जे शिकवायचं ते घरी धाडायचं. ज्याच्या घरात शिकलेली आई रिकामी आहे, त्याचं पोरगं हुशार. ज्याची आई कामावर, बाप गाडीवर, त्याचं पोरगं कच्चं. मग वर्षाच्या शेवटी कोण हुशार, कोण कच्चं याची यादी लावायची आणि म्हणायचं, बघा, घरचं वातावरण! अहो, घरचं वातावरण मोजायला शाळा कशाला हवी? ते तर दारातल्या चपला बघून कोणीही सांगेल.

मे महिनाभर मी पौर्णिमाला कूलरसमोर घेऊन बसले. पुण्य कमवायला नाही, पापाचं ओझं होतं म्हणून. दुपारी बाहेर लू चालायची, खिडकीला ओलं पोतं, कूलरच्या वाऱ्यानं पुस्तकाची पानं उडायची ती वाटीखाली दाबून ठेवायची. सुनंदाच्या फळीवरची चित्रांची पुस्तकं आम्ही खाली काढली. पहिले आठ दिवस पोरगी माझ्या तोंडाकडेच बघायची. मी काय म्हणते ते ऐकायचं आणि म्हणून दाखवायचं, हीच तिची सवय. मी तोंड मिटून बसायला लागले तेव्हा कुठे तिची नजर कागदावर गेली. एके दिवशी सुनंदा गोडाऊनमधून रिकामं पोतं घेऊन आली, अंथरायला. पौर्णिमा त्यावर वाकली आणि बोट फिरवत म्हणाली, "मि... र... ची. मिरची!" सुनंदा धावत आली. "कुठं वं? कुठं लिवलं हाय?" दहा वर्षं ती पोती हाताळत होती. त्या शब्दाकडे ती किती तरी वेळ बघत राहिली.

इथे डोळे पुसून थांबायचं, असं तुम्हाला वाटत असेल. मला नाही वाटत. पौर्णिमा वाचायला शिकली ती माझ्या भिंतीला लागून राहते म्हणून. शाळेनं नाही शिकवलं, भाड्याच्या खोलीनं शिकवलं. मागच्या गल्लीत रेश्मा नावाची पोरगी होती, त्याच वर्गात. आईबाप दोघंही बुटीबोरीला कारखान्यात, सकाळी अंधारात निघायचे. तिचाही दाखला काढायला सांगितलं होतं आणि त्यांनी काढला. ती कुठे गेली, वाचते का, मला माहीत नाही. तिच्या भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. मग शेजारावर जर शिक्षण अवलंबून असेल, तर शाळेला कुलूप लावा ना! चांगले शेजारी शोधून देणारं ऑफिस उघडा.

ते आदर्श पालकाचं सर्टिफिकेट दर उन्हाळ्यात कूलरच्या मागे असतं. भिंतीला ओल लागू नये म्हणून उभं करते. तेवढ्या कामाला बरं पडतं.

यंदा पौर्णिमा आणि ओम पाचवीत आहेत. सम्यक पहिलीत. आणि संक्रांत झाल्यावर वही आली. तेच चार रकाने, तोच शेवटचा. बाईही त्याच, यंदा त्यांच्याकडे पहिलीचा वर्ग आहे.

त्या संध्याकाळी सुनंदा दारात आली. हात तसेच लांब धरलेले. "ताई, शिक्क्याची शाई असन का तुमच्या घरी?"

"आहे. काहून?"

"अंगठा लावाचा हाय."

"अगं, तुले सही येते ना!"

"येते," ती म्हणाली. "म्हणूनच तं."

मी म्हटलं, सम्यकचं वाचन मी घेते. नाहीतर पौर्णिमा घेईल, आता तिला चांगलं येतं. सुनंदानं डोकं हलवलं. "पौर्णी घेईन ना. पन ज्याच्या घरी पौर्णी नाही, थ्यानं काय करावं? थ्याच्या मायनं बी सहीच कराची का?"

तीन वर्षं मी जो विचार दळत होते तो या बाईनं दोन वाक्यांत सांगून टाकला. मी गुपचूप शाईचं पॅड आणून दिलं. तिनं अंगठा दाबला आणि रकान्यात उमटवला. जांभळा, मिरचीनं भेगाळलेला, रेघ न रेघ स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी लाल शेरा, 'पालकांची सही आणावी.' सुनंदानं पुन्हा अंगठा दिला. तिसऱ्या दिवशी, 'आईला सही येते. अंगठा का?' तेव्हा तिनं पौर्णिमाला सांगितलं, "लिव." आणि पौर्णिमानं खाली गोल गोल अक्षरात लिहिलं, 'माझ्या आईला सही येते. वाचता येत नाही. सम्यकचे वाचन शाळेत घ्यावे.'

मग सम्यकच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. सुनंदानं मोबाईल माझ्यापुढे धरला, मी वाचून दाखवलं. 'काही पालक अजिबात सहकार्य करत नाहीत, ही खेदाची बाब आहे.' सुनंदानं मोबाईल माझ्या हातातून घेतला, बोटाला तेल होतं म्हणून करंगळीनं बटण दाबलं आणि तोंडाजवळ धरून बोलली.

"म्याडम, मी सम्यकची माय बोलून राहिली. सहकार्य करते ना मी. रोज धुतलेला ड्रेस, रोज डबा, टायमावर पोट्टा. आजवर एक दिवस घरी ठेवला नाही. वाचाचं तेवढं तुमी पाहा. मले येत नाही."

आणि पाठवून दिलं. मग एका बाईचा आवाज आला, मागे कुकरची शिटी वाजत होती, "म्याडम, माहं बी तसंच हाय. मी बी सही अशीच करून राहिली होती." मग आणखी एक. मग एक बाप, हिंदीत. कितीतरी घरांत नुसत्याच सह्या चालल्या होत्या, हे त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं.

पुढे महिनाभर वहीत नुसते अंगठे. शेरे बंद झाले. सम्यकला एकदा उभं केलं, तर सुनंदा कामावर खाडा करून फाटकाशी जाऊन उभी राहिली. सुटी होईपर्यंत तिथेच उभी.

आज दुपारी मी नवं गवत भरून कूलर पुसत होते. सकाळच्या शाळेतून पोरं आली. सम्यकनं दप्तर फेकलं आणि वही नाचवत आला. सुनंदा आज लवकर सुटली होती, ओट्यावर हाताला तेल चोळत बसलेली. वहीला हात लावता येईना म्हणून तिनं पौर्णिमाला हाक मारली. पौर्णिमानं वही उघडली, बोट ठेवलं, आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत वाचलं.

"आज वर्गात वाचून घेतले. म वर अडतो. उद्या पुन्हा घेईन." आणि मग पालकांच्या सहीच्या रकान्यावर बोट नेऊन म्हणाली, "इथं बाईंची सही हाय, आई."

"पुन्हा वाच," सुनंदा म्हणाली. पौर्णिमानं पुन्हा वाचलं.

मला वाटलं ती आता हसेल. ती उठली, आत गेली, कोपरानं फळीवरची पुस्तकं सारून मागची एक जुनी वही पौर्णिमाकडून काढून घेतली. दुसरीची वाचन-वही. पिवळट लाल डागांची, पानापानावर सु, नं आणि दा. दोन्ही वह्या तिनं ओट्यावर शेजारी शेजारी उघडून ठेवायला लावल्या. मग मला विचारलं,

"ताई, आता थ्या म्याडम पौर्णीच्या या जुन्या वहीत बी करतीन का सही?"